वर उचललेली गाडी

"गाडी गॅरेजातल्या लिफ्टवर होती, वर उचलून लॉक लागलेली. आणि माझे वडील, अण्णा, तिच्याखाली चेंगरून गेलेले," शिक्षिका म्हणाली. "पोलीस म्हणतात, माझ्या नवऱ्याने गाडी त्यांच्यावर घेतली आणि मग परत वर केली. चार दिवस झाले, तो कोठडीत आहे."

समोर बसलेल्या तपासनीस बाईंनी चष्मा पुसला. तीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासल्या होत्या. आता लोक अशी कामं घेऊन घरी यायचे. शेजारी फोटोवाले बसले होते. स्टुडिओ बंद पडल्यापासून ते बाईंबरोबर हिंडत, फोटो काढत आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घेत.

"त्यालाच का धरलं?"

"त्यानेच अण्णांना पाहिलं सगळ्यात आधी. आदल्या दिवशी दोघांचं वाजलंही होतं. ह्या वयात गाडीखाली शिरायचं खूळ कशाला, असं तो म्हणाला होता. अण्णांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळंच मोठ्याने झालं. गल्लीभर गेलं."

"घरात आणखी कोण?"

"धाकटा भाऊ. पण तो येत नाही. दोन वर्षांपूर्वी अण्णा गाडी चालवत होते आणि अपघात झाला. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. पट्टीचा मेकॅनिक होता हो तो. तेव्हापासून त्याने घराची पायरी चढलेली नाही."

अण्णांचं गॅरेज लहान आणि टापटीप होतं. मधोमध कात्रीसारखी उघडणारी, चाकांवर ढकलता येणारी लिफ्ट आणि तिच्यावर गाडी. पुढचं एक चाक काढून भिंतीला टेकवलेलं. जवळच स्टँडवर बसवलेला एक लाकडी ठोकळा होता, वरून खोलगट कोरलेला आणि त्यावर जाड कापड ठोकलेलं.

"उशी असणार," फोटोवाले म्हणाले. "म्हातारा माणूस, डोकं टेकत असेल."

"कमरेएवढ्या उंचीवर?" बाई म्हणाल्या.

त्या लिफ्टच्या पुढच्या खांबापाशी वाकल्या. तिथे स्क्रूची चार रिकामी भोकं होती. लिफ्ट वर-खाली करणाऱ्या बटणांचा डबा मात्र डाव्या भिंतीवर ठोकलेला होता आणि त्याच्याखाली फरशीवर भिंतीचा पांढरा भुगा पडला होता.

फळीवर अण्णांची वही मिळाली. लिफ्ट घेण्याआधी त्यांनी दोन महिने चौकशी केली होती. अक्षर मोत्यासारखं. 'पहिली: हलकी, स्वस्त. लॉक सोडायला दोन हात. नको. दुसरी: दोन तुकड्यांची. उचलून मांडायला दोन हात. नको. तिसरी: जड, पण ढकलता येते. छताची उंची पुरते. लॉक आपोआप लागतं, सोडायला एक बटण. हीच.'

"भलताच चोखंदळ माणूस," फोटोवाले म्हणाले. बाईंनी ते पान पुन्हा वाचलं.

शेजारी कपडे शिवणाऱ्या आजी राहत होत्या. "मी मशीनवर होते," त्या म्हणाल्या. "आधी मोटर जराशी घुरघुरली. मग सुस्कारा सोडल्यासारखा आवाज. लगेच कुणीतरी 'अण्णा! अण्णा!' असं ओरडलं आणि पुन्हा मोटर, बराच वेळ. मला वाटलं, दोघांची पुन्हा जुंपली."

"किती वाजता?"

"साडेदहाच्या सुमारास."

कोठडीत जावई खचून बसला होता. "मी अकराला गेलो, माफी मागायला," तो म्हणाला. "हाक मारली, मामा, ओ मामा... उत्तर नाही. वाकून पाहिलं. मी कशालाही हात लावला नाही हो."

"जो तो असंच म्हणतो," बाहेर आल्यावर फोटोवाले पुटपुटले.

धाकटा एका गोदामात फोन घ्यायचं काम करत होता. शर्टाची उजवी बाही पिनेने वर टाचलेली, डोळे सुजलेले. तो खाली बघूनच बोलला.

"दोन वर्षं मी त्या गॅरेजचं तोंड पाहिलेलं नाही. पण दाजींनी हे केलेलं नाही, एवढं लिहून घ्या. मुद्दाम कुणी केलेलंच नाही. त्या भिंतीपाशी उभं राहिलं की गाडीखालचं काही दिसतच नाही."

बाईंनी वही मिटली. "उद्या सकाळी गॅरेजवर या," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

सकाळी बाई, फोटोवाले, शिक्षिका आणि धाकटा असे चौघं गॅरेजमध्ये उभे होते. ठाण्यातले फौजदारही आले होते, पण बाईंनी त्यांना दारातच थांबायला सांगितलं.

"गाडी लॉकवर असली की आपणहून खाली येत नाही," बाईंनी सुरुवात केली. "आधी जराशी वर घ्यावी लागते, मग बटण दाबून खाली सोडायची. आजींनी नेमके तेच आवाज ऐकले. म्हणजे कुणीतरी ती रीतसर खाली घेतली. आणि ओरडून ताबडतोब वर केली. मारायला आलेला माणूस असं करत नाही.

"ओरडणारा 'अण्णा' म्हणाला. जावई त्यांना मामा म्हणतात. अण्णा म्हणणारी माणसं दोनच, आणि तुम्ही त्या वेळी वर्गात शिकवत होतात."

शिक्षिकेने भावाकडे पाहिलं.

"अण्णांचे दोन्ही हात धडधाकट होते. तरी त्यांनी एका हाताने चालणारीच लिफ्ट निवडली. हा ठोकळा उशी नाही. अर्धा उरलेला हात टेकवून पाना दाबून धरायला तो कोरलेला आहे. बटणांचा डबा लिफ्टच्या पुढच्या खांबावर होता. तिथून खालचं सगळं दिसतं. अण्णांनी तो डाव्या भिंतीवर नेला, डाव्या हाताला सोपा पडावा म्हणून. लिफ्टच दोन महिन्यांपूर्वी आली, वहीत तारीख आहे. दोन वर्षं इथे न आलेल्या माणसाला भिंतीपाशी उभं राहून काय दिसत नाही, हे कसं कळलं?"

फोटोवाल्यांना आपल्या हातातला कॅमेरा नकोसा झाला. त्यांनी तो पिशवीत घातला.

"महिनाभर येत होतो," धाकटा म्हणाला. "तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं, ताई. एक गाडी पूर्ण एकट्याने केली की मग सांगू, म्हणाले. त्या दिवशी चाक मी एकट्याने काढलं. बाकीचं उद्या करू, आता तूच खाली घे, म्हणाले आणि पलीकडे उभे राहिले. मी त्यांना हाक मारली. डाव्या बाजूने मारली असणार. काहीतरी घ्यायला वाकले असतील... बटण सोडेपर्यंत..."



"मग गप्प का राहिलास?" तिने विचारलं. "तो तिथे चार दिवस..."

"दोन वर्षं त्यांना ऐकवत होतो, तुम्ही माझा हात घेतलात. आणि मी काय घेतलं? रोज ठाण्याच्या दारापर्यंत जातो ताई. आत पाऊल पडत नाही."

फौजदारांनी टोपी काढून हातात घेतली.

"अण्णा कसे होते रे, महिनाभर?" शेवटी तिने विचारलं.

"शीळ घालायचे. बेसूर."

तिला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडू. "आई गेल्यापासून मी ऐकली नव्हती ती," ती म्हणाली. "तू एकट्यानेच ऐकलीस."

मग तिने डोळे पुसले आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन पिनेने टाचलेली बाही मुठीत घट्ट धरली. "चल," ती म्हणाली, "आज मी आहे बरोबर."

दोघं चालत ठाण्याकडे निघाले. फौजदार मुद्दामच वीसेक पावलं मागे राहिले.