छकुलीचं पाणी कोण गार करतं?

"पंधरा!" हर्षल ओरडला. "ताई, पंधरा डिग्री! अन् हीटरचा लाल दिवा त चालू हाये!"

"सरक बे, मले पाहू दे!" अर्पितानं थर्मामीटर पाण्यात नीट धरला. पारा जागचा हलेना. पंधरा!

बाहेर नुकतं उजाडलं होतं. सातपुड्याकडून येणारा वारा खिडकीच्या फटीतून आत घुसत होता. काचेच्या टाकीत दोन कासवं तळाशी दगडासारखी बसली होती. थाळीएवढा ठोंब्या आणि तळहाताएवढी छकुली. डोळ्यांमागे लाल पट्टे असलेली ही जोडी सोनाळा गावच्या आजीनं हौसेनं पाळली होती.

आजी श्रावणात गेली. त्यामुळे यंदा दिवाळीच्या सुट्टीत खामगावहून आलेल्या अर्पिता आणि हर्षलला घर ओळखूच येईना. ना आकाशकंदील, ना करंज्यांचा वास. आबा, म्हणजे किसनराव, दिवसभर टाकीजवळ खुर्ची टाकून बसायचे. जेवायला बोलावलं की म्हणायचे, "भूक नाई." कासवांनीही आठवड्यापासून दाण्याला तोंड लावलं नव्हतं.

"राहू द्या पोट्टेहो," आबा आत्ताही खुर्चीतूनच म्हणाले. "तुमची आजी गेली तवापासून झुरून राह्यले थे. जनावराले समजते सारं."

पण अर्पिताचं मन ऐकेना. झुरून कासव खाणं सोडेल एक वेळ, पण झुरून पाणी कसं गार होईल?

चुलतबहीण रूपाली चहा घेऊन आली. ती तेरा वर्षांची, अर्पिताहून वर्षानं मोठी, आणि हे तिचं रोजचं घर.

"माहे बाबा म्हणतात थंडीत कासवं झोपतातच," ती म्हणाली.

"मंग आपण डॉक्टरलेच विचारू ना!" हर्षल म्हणाला.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आधी हसले. "आजवर मी म्हशीच तपासल्या, पोरांनो!" मग मात्र ते गंभीर झाले. "हे पाहा, कासवाचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. जसं पाणी तसं त्याचं अंग. पाणी पंचवीसच्या आसपास पाहिजे. फार गार झालं की खाल्लेलं पचत नाही, मग छातीत सर्दी भरते. कासव पाण्यावर एका अंगाला कललं, तर समजा की दुखणं वाढलं. आणि घाबरून एकदम गरम पाणी ओतू नका! हळूहळू ऊब द्या."

घरी येताच तिघांनी काम वाटून घेतलं. टाकी खिडकीपासून दूर सरकवली. रूपालीनं टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल टाकीच्या तीन बाजूंना बांधला. हर्षलचा संशय हीटरवर होता.

"खराबच असन थो!"

काकूंनी, म्हणजे रूपालीच्या आईनं, स्वतः हीटर पाण्याच्या बादलीत सोडून पिन लावून दिली. तासाभरात बादली कोमट झाली. हीटर ठणठणीत होता!

संध्याकाळपर्यंत टाकीचं पाणीही पंचवीसवर आलं. छकुलीनं चक्क मान बाहेर काढून पाय हलवले. हर्षल नाचायचाच बाकी होता.

"संध्याकाळी पंचवीस, सकाळी पंधरा," अर्पिता विचार करत म्हणाली. "मंधात कोनंतरी हीटर बंद करते, अन् सकाळी परत लावते."

"भूत!" हर्षल म्हणाला.

"भुताले काय करायचं बे हीटरचं?"

"मंग आपण दोरा बांधू!" हर्षल म्हणाला. "पिनीपासून बोर्डाच्या खिळ्यापर्यंत. कोनं पिन काढली की दोरा तुटन!"

झोपण्याआधी काकूंनी बटण बंद केलं, रूपालीनं आजीच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा बांधला आणि बटण पुन्हा सुरू झालं. आपण एवढी हुशारी केली, आता चोर सापडणारच, या आनंदात अर्पिता झोपली. त्या आनंदाची तिला पुढे फार लाज वाटली.

सकाळी दोरा तुटलेला होता. दिवा चालू होता. पाणी सोळा.

"ताई..." हर्षलचा आवाज एकदम बारीक झाला. "छकुली पाह्य."

छकुली पाण्यावर तरंगत होती, एका अंगाला कललेली. अर्पितानं तिला ओंजळीत उचललं. इवलेसे पाय सैल लोंबत होते. नाकाशी एक बुडबुडा होता, तो फुटला आणि दुसरा आला नाही. बराच वेळ तिघंही वाट पाहत राहिली.

आबा जवळ आले. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याचं टोक पुढे केलं आणि छकुलीला त्यात घेतलं.

"गेली बाप्पा," ते म्हणाले. "तुमच्या आजीकडं, माह्या शालूकडं गेली."

अर्पिताला रडू फुटलं. डोळे पुसताना तिची नजर बोर्डाखालच्या फरशीवर गेली. तिथं एक चौकोनी ओला डाग होता. ती वाकली, तर नाकात उग्र वास शिरला. तिनं रूपालीकडं पाहिलं. रूपालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती परसात निघून गेली.

सीताफळाच्या झाडाखाली ती खुरप्यानं माती उकरत बसली होती.

"थो वास फवारणीच्या औषधाचा हाये ना?" अर्पितानं हळूच विचारलं.

रूपालीचं खुरपं थांबलं. "हाव. माह्या बाबांचा बॅटरीचा पंप. हरभऱ्यावर अळी आली ना, रोज फवारणी चालू हाये. घरात तोच एक बोर्ड धड हाये. हीटरची पिन काढून बाबा पंप चार्जिंगले लावत असतीन. पाहाटे नेताना परत हीटर लावतात." तिचे डोळे भरून आले. "मले कालच समजाले पाह्यजे होतं वं अर्पिता! आता आबाले कसं सांगू? माह्याच बापानं..."

अर्पितानं दुसरं खुरपं घेतलं आणि शेजारी बसून माती काढू लागली.

नऊ वाजता रूपालीचे बाबा, राजकुमारकाका, शेतातून आले. काका मनानं चांगले, पण समोरच्याचं अर्धंच ऐकून घ्यायची त्यांची सवय. नुसतं सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. तिघांनी आपसात कुजबुज केली आणि टाकीतलंच गार पाणी एका घमेल्यात काढून ओसरीवर ठेवलं.

"काका, पैज!" हर्षल डोळे पुसून म्हणाला. "ह्या पाण्यात दहा मिनिटं हात ठेवून दाखवा!"

"हात्तिच्या! हे काय पैज झाली? शेतकऱ्याचा हात हाये बे हा!" काकांनी बाही सारून हात बुडवला.

पहिलं मिनिट हसण्यात गेलं. दुसऱ्या मिनिटाला काकांनी बोटं हलवली. चौथ्याला त्यांनी हात बाहेर ओढला आणि काखेत दाबला. "बाप रे! हाडापर्यंत ठणक गेली! काऊन एवढं गार पाणी?"

"हे छकुलीचं पाणी हाये बाबा," रूपाली म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "थे ह्या पाण्यात रात्र रात्र राहे. तुमी पंपासाठी पिन काढत होते ना, म्हून. आज सकाळी गेली थे."

काकांचं हसू मावळलं. "अवं, पण मी परत लावतच होतो ना! पाहाटे आठवणीनं लावत होतो..."

काका मटकन पायरीवर बसले. "मायची कासवं..." ते पुटपुटले आणि त्यांनी ओला हात तोंडावर फिरवला.

दारात आबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता ते काकांवर भडकतील असं अर्पिताला वाटलं. पण आबा ओसरीवर आले आणि घमेल्याशी उकिडवे बसले. त्यांनी आपला सुरकुतलेला हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला.

"मी झुरणं झुरणं म्हणत बसलो," ते म्हणाले. "चोवीस घंटे बाजूले बसून होतो. एक डाव हात घालून नाई पाह्यला. राजकुमार, तुह्या एकट्याची चूक नाई रे."

"आबा, हात काढा," अर्पिता रडत म्हणाली. "ठोंब्या अजून हाये आबा. त्याले डॉक्टरकडं न्या लागते!"

आबांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांनी कोणाकडं तरी नीट पाहिलं होतं.

छकुलीला सीताफळाखाली ठेवून झाल्यावर काकांनी मोटारसायकल काढली. डब्यात कोरडा टॉवेल, त्यात ठोंब्या आणि डबा मांडीवर घेऊन मागे स्वतः आबा! डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, चार दिवस रोज बोलावलं. दुपारी वायरमन येऊन पंपासाठी गोठ्यात वेगळा बोर्ड बसवून गेला. रूपालीनं उन्हाच्या जागी विटांचा चौथरा रचला, म्हणजे ठोंब्याला पाण्याबाहेर शेकत बसता येईल. आबा तासातासाला पारा पाहायचे आणि ओरडून सांगायचे, "पंचवीस! सव्वीस!"

सहाव्या दिवशी ठोंब्यानं आबांच्या बोटांतून पालकाचं पान ओढून घेतलं. आबा हसले आणि हसता हसताच हमसून हमसून रडले. आजी गेल्यापासून ते रडलेच नव्हते, असं काकू म्हणाल्या. त्या दिवशी ते सगळ्यांबरोबर पंगतीत जेवायला बसले.

सुट्टी संपली. आबा आणि रूपाली एस.टी.पर्यंत पोचवायला आले. काका पिशव्या धरून मागे उभे होते.

"शाब्बास रे पोट्टेहो!" आबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, मग रूपालीला जवळ ओढलं. "अन् हिची त शाब्बासकी सगळ्यात मोठी. खरं बोलाले लय छाती लागते. तुमी नसते त मी दोघायलेही झुरून मेले म्हून पुरलं असतं."

गाडी सुटली. वडगावचा फाटा मागे पडला तरी अर्पिता खिडकीकडं तोंड करून बसली होती.

"ताई, रडून काऊन राह्यली?" हर्षलनं विचारलं. "आबा शाब्बास म्हणले ना?"

"हाव."

"ठोंब्या वाचला ना?"

"हाव बे. ठोंब्या वाचला."

हर्षल तिच्याजवळ सरकला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवून तोही रडू लागला.