आधी जुना पार्ट

अहमदपूरच्या बाजारातून भाजी घेऊन चंद्रप्रभा मधल्या गल्लीनं घरी निघाली होती, तेव्हा तिला आधी दिसले ते दोन पाय. पांढऱ्या जुन्या फियाटखालून बाहेर आलेले. एका पायात चप्पल होती, दुसऱ्याची लांब नालीजवळ पालथी पडलेली.

"चौदाचा रिंग पाना दे रे," गाडीखालून आवाज आला.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. पोत्यावर पाने पसरलेले होते. चंद्रप्रभानं पिशवी खाली ठेवली, चौदाचा पाना उचलला आणि गाडीखालून आलेल्या काळ्याकुट्ट पंजावर ठेवला.

"शाबास बेटा."

"काम झालं की जागेवर ठेवा," ती म्हणाली. "आणि बेटा नका म्हणू. मी रिटायर झालेय."

पाय एकदम थांबले. मग पाठीवर सरकत सरकत एक गृहस्थ बाहेर आले. पिकलेल्या मिशा, चष्म्याच्या एका काचेवर तेलाचा थेंब.

"माफ करा हां... शेजारचा दयानंद आला वाटलं. पण पहिल्या झटक्यात चौदाचाच कसा काय दिला? बायकांना..."

"बायकांना काय?"

"बायकांना... लई कळतं," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. पुसून थेंब काचभर पसरला.

चंद्रप्रभाला हसू आलं. तिनं तोंडाला पदर लावला नाही. एसटीच्या लातूर डेपोत अख्खी नोकरी स्टोअरच्या खिडकीत काढल्यावर बाईची ती सवय सुटते. खिडकीपुढं मेकॅनिक चिठ्ठी घेऊन उभे राहायचे आणि चंद्रप्रभा म्हणायची, "आधी जुना पार्ट." जुना जमा केल्याशिवाय तिनं कुणाला नवा दिला नाही, हेडमेकॅनिकलासुद्धा. धाकट्या भावंडांची शिक्षणं, लग्नं उरकेपर्यंत स्वतःचं राहून गेलं. त्याचं तिला फार वाटतही नसे. आता ती भावाच्या घरी माडीवर राहत होती आणि दुपारी काय करावं हे तिला कळत नव्हतं.

"गाडीखाली विटा लावल्यात तुम्ही," ती पिशवी उचलताना म्हणाली. "वीट फुटते. उद्या फुटली तर पाय तेवढे बाहेर राहतील."

दुसऱ्या दिवशी ती दोन बाभळीचे ठोकळे घेऊन आली. भावाच्या अंगणात पडून होते, ती म्हणाली. खरं तर एक ठोकळा भावजय जगदेवी कपडे आपटायला वापरायची.

गृहस्थांचं नाव राघवेंद्र. गावातल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा आनंदराज हैदराबादेत. चढाला लागली की फियाट ठक ठक वाजायची, म्हणून मास्तरांनी घरीच बेअरिंग बदलायचं मनावर घेतलं होतं. मोबाईल बादलीला टेकवून ठेवायचा, व्हिडिओ बघायचा आणि खाली सरकायचं.

"गॅरेजला का देत न्हाई?" तिनं विचारलं.

"जन्मभर पोरांना सांगितलं, पायरी पायरीनं सोडवलं की कुठलंही गणित सुटतं. आता माझी परीक्षा हाय."

"आणि नापास झालात तर?"

"तुम्ही कॉपी द्याल की."

चंद्रप्रभानं या बेअरिंगांचे डबे हजारांनी हाताळले होते, पण इंजिनाचं पोट कधी बघितलं नव्हतं. मास्तरांनी तेलाचं चेंबर खाली उतरवलं तेव्हा ती पोत्यावर गुडघे टेकून वाकली. आत तेलानं चमकणारा क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता कणा होता, त्याला धरून बसलेले चार दांडे.

"हे बघा," मास्तर म्हणाले. "प्रत्येक दांड्याला दोन अर्ध्या चकत्या. बांगडी मधोमध कापावी तशा. या झिजल्या म्हणून आवाज."

"एवढंसं असतंय होय आतमध्ये त्यांचं काम," ती हळूच म्हणाली. "आम्ही नुसतं मोजून द्यायचो."

तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आला होता. दोघंही जरा मागं सरकले... आणि मास्तरांचं डोकं बंपरला आपटलं.

मग रोज चारच्या सुमाराला ती यायला लागली. मोंढ्याकडं जाणाऱ्या सोयाबीनच्या गाड्यांचा भुसा गल्लीत उडायचा. तो इंजिनात जाऊ नये म्हणून ती जुन्या साडीचा तुकडा बांधून ठेवायची. मास्तर खाली, ती वर. ते मागतील तो पाना ती द्यायची आणि परत आला की रॉकेलनं पुसून जागेवर.

घरी जगदेवी ताटं वाढता वाढता म्हणाली, "अक्का, तुमच्या हाताला रॉकेलचा वास येऊन राहिलाय."

"भांडी घासली."

"आपल्या घरची का मास्तरच्या घरची?"

चंद्रप्रभानं ताट पुढं ओढलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं फिकट जांभळी साडी नेसली, आणि तिच्यावर डाग पडू नये म्हणून दिवसभर जपत राहिली.

अशातच एका दुपारी आनंदराजचा फोन आला. हात तेलकट म्हणून मास्तरांनी तो पोत्यावर ठेवूनच स्पीकरवर लावला.

"बाबा, पार्किंगची जागा मिळाली बरं का. खोली पण तयार हाय. झाली का गाडी?"

"होऊन राहिली."

"झाली की निघा. ते घर भाड्यानं देऊन टाकू. एकटं किती दिवस राहणार तुम्ही?"

फोन बंद झाल्यावर मास्तर म्हणाले, "मीच अट घातली होती. येईन, पण माझ्या गाडीनं येईन. दोन वर्षं झाली. गाडी नादुरुस्त म्हणून राहिलो."

"मग आता दुरुस्त करायची घाई कशाला?"

"पोरगं रोज काळजीनं फोन करतंय. खोटं किती दिवस सांगायचं?"

चंद्रप्रभानं हातातला पाना पुसला. पुसलेलाच होता. म्हणजे या गाडीचा एकेक बोल्ट नीट बसला की माणूस गावाबाहेर जायच्या एकेक पाऊल जवळ जाणार होता आणि तिला वाटत होतं आपण मदत करतोय.

नवी बेअरिंगं मास्तर लातूरहून घेऊन आले. त्या दिवशी परतीच्या पावसाची एक सर अचानक आली. दोघांनी धावपळ करून गाडीवर ताडपत्री ओढली आणि तिच्याच खाली उभे राहिले. ताडपत्रीवर ताशा वाजत होता. मास्तरांनी डबा उघडून कौतुकानं पुढं धरला.

"कशी चमकून राहिलीत बघा. उद्या बसवू."

चंद्रप्रभाच्या तोंडून तीस वर्षांच्या सवयीनं निघून गेलं, "जुनी कुठंयत?"

"जुन्यांचं काय करता? त्या भंगारच्या डब्यात टाकली."

तिनं डब्यात हात घातला. चकती पदराच्या टोकानं पुसली आणि उलटी केली. बाकीचे लोक पार्टची चकाकी बघतात, स्टोअरवाले पाठ बघतात. पाठीवर वीसचा आकडा होता. म्हणजे मास्तरांनी गाडी घेण्याआधीच कुणीतरी क्रँक घासून बारीक केलेला होता. त्याला आतून तेवढी जाड बेअरिंगं लागतात. मास्तरांनी आणलेल्या डब्यावर मूळ मापाचा शिक्का होता. ही बसली तरी सैल बसणार, तेल धरणार नाहीत, ठक ठक जाणार नाही. हैदराबाद लांबच राहिलं, उदगीरच्या पुढंही गाडी गेली नसती.

पाऊस ओसरत आला होता. मास्तर तिच्याकडं बघत होते. एक शब्द बोलायचा नाही, एवढंच करायचं होतं. गाडी वाटेत बंद पडली असती, माणूस गावात राहिला असता. कुणी तिला बोल लावला नसता.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही न्हाई," ती म्हणाली. "पाऊस थांबला. जाते मी."

चकती तिच्या मुठीतच होती. ती तिनं पदराखाली धरली आणि गेली.

सकाळी मास्तर दात घासत दारात उभे होते तेव्हा ती आली. ओट्यावर चकती ठेवली, पाठ वर करून.

"माप चुकलंय तुमचं. वीसचा सेट लागतो. लातूरला मिळणार न्हाई. नांदेडला जुन्या मोंढ्यात जिलानीभाईंकडं मिळंल. डेपोला माल द्यायचे ते."

मास्तरांनी चकती उलटसुलट करून बघितली. तोंडात फेस होता म्हणून बराच वेळ बोलता आलं नाही.

"चला मग," ते चूळ भरून म्हणाले.

"मी कशाला?"

"मापात नापास झालेल्या पोराला एकटं पाठवता?"

नांदेडच्या गाडीत कंडक्टरनं दोघांकडं बघितलं. मास्तरांचं ज्येष्ठाचं अर्धं तिकीट, तिचं बाईचं अर्धं.

"म्हणजे दोघांचं मिळून एक पूर्ण झालं," मास्तर तिकिटं खिशात ठेवत म्हणाले.

"गणिताचे मास्तर शोभता."

लोहा येईपर्यंत ती खिडकीतून तुरीची शेतं बघत राहिली. मास्तरही खिडकीतूनच बघत होते. त्यासाठी त्यांना तिच्याकडंच तोंड करून बसावं लागत होतं.

जिलानीभाईंनी तिला दुकानाच्या पायरीवरच ओळखलं. "अरे, आपा! तुमी तर रिटायर झाल्या म्हणे. आन् हे साहेब कोण? तुमच्या खिडकीपुढं तर माणूस टिकत नव्हता."

"जुना पार्ट घेऊन आलेत," चंद्रप्रभा म्हणाली.

"मग द्यावाच लागंल," जिलानीभाई हसले आणि शिडी लावून वरच्या फळीवरचा डबा काढला. तिनं डब्यावरचं वाचलं, आतल्या चकत्यांच्या पाठी एकेक करून वाचल्या आणि मगच मान हलवली.

बसवायला दोन दुपारी गेल्या. चकत्यांवर बसणारी कुठली टोपी कुठल्या दांड्याला, हे मास्तरांनी खडूनं लिहून ठेवलं होतं. चंद्रप्रभा चकतीला बोटानं तेल लावून देई. मास्तर खालून हात वर करत, चकती घेत. तेलानं निसरड्या बोटांना एकमेकांची बोटं लागत. पहिल्यांदा दोघांनी सॉरी म्हटलं. तिसऱ्यांदा कुणीच काही म्हटलं नाही.

चेंबर चढलं, तेल भरलं. मास्तरांनी चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकललं, मग लागलं. मास्तरांनी ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला. चंद्रप्रभा बॉनेटवर तळहात ठेवून ऐकत होती. ठक ठक नव्हती. एकसारखा, भरलेला आवाज येत होता.

तिला आनंद झाला. आणि त्याच्या पाठोपाठ तिनं बॉनेटवरचा हात काढून घेतला.

"पास," ती म्हणाली. "आता पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची न्हाई. हैदराबादला सकाळीच निघा. मी निघते."

"थांबा." मास्तरांनी इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरले. "एक विचारू? पावसाच्या दिवशी तुम्ही ती चकती मुठीत घेऊन गेलात. मी बघितलं होतं."

"मग विचारलं का न्हाई?"

"मला वाटलं... आठवण म्हणून नेली."

चंद्रप्रभानं त्यांच्याकडं बघितलं. "झिजलेलं बेअरिंग कुणी आठवण म्हणून नेतंय का?"

"मी रात्रभर तेवढ्यावर खूश होतो," मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "सकाळी तुम्ही माप सांगितलं तेव्हा जरा वाईटच वाटलं."

चंद्रप्रभानं बॉनेटवरचा तेलाचा डाग फडक्यानं पुसला.

"त्या दिवशीच कळलं होतं मला," ती म्हणाली. "बोलले नसते तर गाडी वाटेत बसली असती. तुम्ही इथंच अडकला असता."

"मग बोलल्या कशाला?"

"अडकलेला माणूस मला काय करायचाय, सर?" ती बॉनेटकडं बघत म्हणाली. "चालू गाडी दारात उभी असून जो राहतो... तसला असंल तर गोष्ट वेगळी."

मास्तरांनी पोत्यावरच्या फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं. मग मोबाईल उचलला आणि फोन लावला.

"आनंदराज, गाडी झाली. हाव, लई मस्त. आवाजच न्हाई... येतो की, दिवाळीला येतो. चार दिवस." पलीकडं काहीतरी जोरात बोलणं झालं. "न्हाई रे. राहायला न्हाई, भेटायला. घर भाड्यानं द्यायचं न्हाई... आता गाडीमुळं न्हाई, गाडी तर चालू हाय. मलाच इथं राहायचंय." त्यांनी चंद्रप्रभाकडं बघितलं. "आणि एकटा न्हाई येणार."

त्यांनी मोबाईलवर तळहात ठेवला. "तो विचारतोय, सोबत कोण म्हणून. काय सांगू?"

चंद्रप्रभानं चौदाचा रिंग पाना उचलून फडक्यात गुंडाळला. मग गाडीचं डावीकडचं दार उघडलं, सीटवरचा भुसा हातानं झटकला आणि साडी सावरून बसली.

"सांगा," ती म्हणाली, "नाव तिथं आल्यावर ती स्वतःच सांगंल."