तीन वह्यांतलं अस्वल

मोहबर्डी वस्तीच्या वरच्या झऱ्यात मे महिन्यातही दिवसाला नऊ हजार लिटर पाणी मिळतं की नाही, एवढं मोजून आणायला आम्ही निघालो होतो. मिळत असेल तर वस्तीला पाइप. नसेल तर बायांनी दीड कोस उतरून नाल्यातले झिरे उपसत राहायचं. काम एवढंच. पण त्याचं नाव ‘न्याय्य व शाश्वत जगासाठी आंतरविद्याशाखीय सहसंशोधन प्रकल्प’! बॅनर शाळेच्या भिंतीवर मावेना, म्हणून ‘सहसंशोधन’ कोपऱ्यावरून वळवून संडासाच्या बाजूला लावलं होतं.

मी कामरान. जळगाव जामोदला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, पाइपाची कामंही करतो. म्हणून कागदावर मी ‘स्थानिक भागीदार’, प्रत्यक्षात हमाल. पुण्याचे डॉक्टर जीवन पाण्याचे शास्त्रज्ञ, सुचिता मॅडम समाजशास्त्राच्या. महिनाभर दोघं एकाच जीपमधून फिरले, पण एकानं दुसऱ्याची वही उघडलेली मी पाहिली नाही. डॉक्टरांच्या मते मॅडमचं काम म्हणजे बायकांच्या गप्पा. मॅडमच्या मते डॉक्टरांना माणसं दिसतच नाहीत. माझ्या मते दोघंही फुकटचे, आणि हे मत मी पहिल्याच दिवशी बनवून मोकळा झालो होतो.

अहवाल एकतीस मेला जायचा होता. एकोणतीसच्या पहाटे आम्ही वस्तीत पोचलो. पाणी समितीच्या अध्यक्ष अन्नपूर्णाबाई अंगण झाडत होत्या. त्यांचा उजवा हात कोपरापासून वाकडा, झाडू डाव्या हातात.

“एवढ्या सकायी काऊन आले बाप्पा?” त्या म्हणाल्या. “ऊन खडकावर येऊ द्या, मंग जाऊ सारे.”

“मावशी, उन्हात पाणी उडतं. मला पहाटेचा स्वच्छ आकडा हवाय,” डॉक्टर म्हणाले. आणि चार पावलं पुढं जाऊन माझ्या कानाशी, “यांना लवकर निघायचाच कंटाळा!” अंधारात उठून अंगण झाडणाऱ्या बाईबद्दल हे बोलणं! मी हसलो. तेही सांगून टाकतो.

कोरड्या नाल्यातून चढ सुरू झाला. सालई, धावडा, सगळं निष्पर्ण, आणि काळ्या खडकात कालची धग अजून शिल्लक. पहिल्याच चढाला मॅडमच्या बुटाचा तळ सुटला. खास जंगलासाठी घेतलेला बूट म्हणे! मी तो तारेनं बांधून दिला. दुसऱ्या चढाला डॉक्टरांनी पिण्याच्या पाण्याची पिशवी खडकावर ठेवली, ती गडगडत खाली गेली आणि फाटली. परत फिरावं असं कुणीच म्हणालं नाही, कारण म्हणणारा हरला असता.

वाटेत तीन वारुळं खणलेली दिसली. माती ताजी, आत हात जाईल एवढी भोकं. मी बघितलं आणि गप्प राहिलो. पाइपाच्या माणसाला वारुळाचं कोण विचारतो?

झरा एका मोठ्या कपारीखाली होता. महिन्यापूर्वी भर दुपारी येऊन आम्ही तिथल्या डोहात पाण्याची पातळी नोंदवणारं यंत्र ठेवलं होतं. आज धारेला मीटर लावायचा होता. डॉक्टर गुडघ्यांवर बसून कपारीत वाकले.

कपारीतला काळा दगड हलला.

दगडाला केस होते!

“सर, मागं व्हा!” मी ओरडलो. उशीर झाला होता. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. एक पंजा. मीटर उडून खडकावर आपटला. दुसरा पंजा डॉक्टरांच्या हातावर. डॉक्टर पाण्यात पडले. मॅडमनी मीटरची तिवई फेकून मारली, ती अस्वलाला लागलीच नाही. मी लोखंडी पाना घेऊन पत्र्याचा डबा बडवायला लागलो. बडवला, बडवला, घसा फुटेस्तोवर ओरडलो! अस्वलानं माझ्याकडे पाहिलं, फुत्कार टाकला आणि दगड ढासळवत वर निघून गेलं.

डॉक्टरांच्या उजव्या हाताचं हाड दिसत होतं. मॅडमनी ओढणी फाडून करकचून बांधली. बांधता बांधता त्या पुटपुटल्या, “अन्नपूर्णाबाईंनी मला सांगितलं होतं. झऱ्यावर पहिली पाळी अस्वलाची, ऊन खडकावर आलं की आपली. मी ते ‘लोकश्रद्धा’ या मथळ्याखाली टाकलं.”

“यंत्राच्या नोंदीत रोज पहाटे पाणी ढवळलेलं दिसायचं,” डॉक्टर कण्हत म्हणाले. “मी ती यंत्राची चूक म्हणून काढून टाकली.”

आणि माझी वारुळं! वाळवीसाठी ती अस्वलच खणतं. तिघांकडे मिळून अख्खं अस्वल होतं, आणि तिघं मिळून आम्ही त्याच्या तोंडात गेलो. अन्नपूर्णाबाईंचा हात कशानं वाकडा झाला, हेही कुणी विचारलं नव्हतं. लाज वाटली मला. त्या दोघांची तर वाटतच होती, आता स्वतःचीही वाटली.

मीटरचा चुरा झाला होता, पण माझा डबा धड होता. डबा किती वेळात भरतो ते मोबाइलच्या घड्याळावर बघायचं, अर्ध्या तासात काम झालं असतं. हा आकडा गेला तर पाइप गेला. क्षणभर वाटलं, हे साहेब मेले तर मरू देत! मग ओढणीतून ठिबकणारं रक्त दिसलं. मी डबा टाकला आणि त्यांना पाठीवर घेतलं.

पिशवी फाटलेली, उतरताना प्यायला थेंब नव्हता. उभ्या कड्याला मॅडमनी दोरी पोटाला गुंडाळून आम्हा दोघांचं वजन पेललं. तारेनं बांधलेल्या बुटानं! माझे पाय सुटले, दोरी ताणली गेली, मॅडमच्या तळव्यांची सालं निघाली, पण त्यांनी सोडलं नाही.

कड्याखाली, ऊन आल्यावर झऱ्याकडे निघालेल्या, घागरी घेतलेल्या बाया भेटल्या, पुढं अन्नपूर्णाबाई.

“अवं, धरा याले! आधी पाणी पाजा!”

मी सांगितलं, मीटर फुटला, आकडा नाही, पाइप गेला.

“मोजाचं म्हंजे काय कराचं असते?”

“तासाला किती घागरी भरतात, ते बघायचं.”

“इतकंच?” त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “अन् त्याच्यासाठी महिना घालवला? जा, याले दवाखान्यात न्या.”

दुसऱ्या दिवशी त्या बसनं जळगाव जामोदच्या दवाखान्यात आल्या. डॉक्टरांचा हात प्लास्टरमध्ये होता.

“दिवसभर मोजलं. पंधरा लिटरची घागर, तासाले सत्तर. एकबी कमी नाही.”

डॉक्टर उठून बसले. “म्हणजे चोवीस तासांचे पंचवीस हजार! कामरान, लिही, गुणिले चोवीस.”

“रातचं अन् सकायचं आमी मोजलं नाही,” बाई म्हणाल्या. “ते पाणी आपलं नाही.”

“मावशी, तेवढं पाणी वाया जाईल.”

“हात वाया गेला, तरी नाही समजलं का?”

पेन माझ्याकडे होता. ऊन खडकावर येतं दहाला, मावळतं सातला. मी गुणिले नऊ लिहिलं. नऊ हजार चारशे पन्नास. खाली लिहिलं, पाइपाची चावी सकाळी दहाला उघडेल, संध्याकाळी सातला बंद होईल, चावी समितीकडे राहील.

मॅडमनी कागद डॉक्टरांसमोर धरला. त्यांनी तो दोनदा वाचला. उजवा हात प्लास्टरात, डाव्यानं लिहिता येईना. शेवटी नर्सकडून शाईचा पॅड मागवला. पुण्याच्या डॉक्टरसाहेबांनी कागदावर अंगठा उठवला आणि त्याच्या खाली अन्नपूर्णाबाईंनी सही केली.