दोन खाटा, तीन पंखे, एक मुलगी

बदलीचं घर सोडणं मला नवीन नव्हतं. हे पलटणीबरोबर पुढच्या ठाण्यावर आधीच गेले होते. तिथे कुटुंबाला परवानगी नाही. त्यामुळे क्वार्टर परत करायचं, सामान ट्रकमध्ये चढवायचं आणि सात वर्षांच्या लेकीला घेऊन नव्या गावी जायचं, सगळं माझ्याच अंगावर. फरशी धुऊन झाली होती. सरकारी सामान ताब्यात घ्यायला आलेले स्टोअरबाबू खोल्याखोल्यांतून मान वर करून पंखे मोजत होते.

लेक माझी बाही ओढत होती. "आई, छोटीला पण घेऊ या ना."

छोटी म्हणजे मागच्या खोलीतली तिची मैत्रीण. आम्हाला कधी न दिसलेली. सारखी शाळा बदलते, बाप महिनोन्महिने दिसत नाही, मग पोरं असं कोणीतरी शोधून काढतातच, अशी मी मनाची समजूत घालत आले होते. पण हिचं जरा जास्तच होतं. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी तिने त्या खोलीतल्या भिंतीला विचारलं होतं, "तुझी आई कधी येणार?"

"छोटी क्वार्टरची आहे," मी म्हटलं. "तिला इथंच राहू दे."

स्टोअरबाबू हसले. "वहिनी, माझ्या यादीत छोटी नाही हो."

"मग घाला की! दोन खाटा, तीन पंखे, एक मुलगी."

"बरं. एक मुलगी, जमा." त्यांनी हवेतच लिहिल्यासारखं केलं. मीही हसले.

"जा, टाटा करून ये तिला," मी लेकीला म्हटलं. ती मागच्या खोलीत गेली. दार लोटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे ती बाहेर आली आणि मुकाट्याने माझा हात धरला. हात गार लागला. ओल्या फरशीवर बसली असेल, म्हटलं.

आधीच्या प्रत्येक बदलीत तिने मला जेरीस आणलं होतं. ताप, उलट्या, ओलं अंथरूण. या खेपेला नव्या गावी आलो तरी काहीच नाही. वाढेल ते खायची. उठल्या उठल्या चादरीची घडी घालायची. शेजारची ड्रायव्हरची बायको तर तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "फौजीची पोर शोभतेस हो! नाहीतर आमची भवानी, दिवसभर भोकाड."

मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र घरभर फिरत राहायची. गॅस बंद आहे का, कडी लागली का, पुन्हा गॅस. यांचा फोन आला की पूर्वी लेक तो माझ्या हातातून हिसकावून घ्यायची. आता "बरी आहे" म्हणून परत द्यायची. यांच्याकडे मी काही बोलले नाही. ते जिथे आहेत तिथे घरची काळजी पाठवायची नसते.

मग एका संध्याकाळी जुन्या क्वार्टरमध्ये राहायला आलेल्या बाईंचा फोन आला.

"ताई, राग मानू नका... तुमचं इथं काही राहिलंय का?"

"नाही. का हो?"

"रस्त्यावरून ट्रक गेला की मागच्या खोलीचं दार वाजतं. आतून. उघडलं तर कोणी नाही... थांबा, आत्ताच एक गेला. ऐका."

त्यांनी फोन दाराजवळ नेला असावा. आधी नुसती खरखर. मग लाकडावर तळहात मारल्यासारखा आवाज, आणि रडून बसलेला गळा.

"आई... झालं टाटा करून. दार उघड ना."

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

सकाळची पहिली बस धरायची म्हणून मी पिशवीत हाताला येईल ते कोंबू लागले. लेक दारात येऊन उभी राहिली. काही न विचारता वळली, एक फ्रॉक घेऊन आली आणि पिशवीत नीट ठेवला.

"तिला बदलायला लागेल," ती म्हणाली.

मी तिची हनुवटी वर केली. "तू... तू कोण आहेस गं?"

चेहरा माझ्याच लेकीचा होता, हनुवटीवरच्या तिळासकट.

"तिला आण तू. पण तिथे कोणीतरी राहावं लागतं, आई. मी नाही राहणार आता. मी खूप राहिले."

एवढं बोलून ती झोपायला गेली. मी पिशवी उशाशी घेऊन पडले, डोळा कधी लागला कळलं नाही. उजाडता उजाडता पिशवीला हात घातला तर ती चांगलीच जड झाली होती. फ्रॉकखाली माझे कपडे रचून ठेवले होते. सगळेच. ऐन उन्हाळ्याचे दिवस होते, आणि तळाशी स्वेटरसुद्धा होता.