बिजलीचं वजन

जव्हारच्या एसटी डेपोसमोर रुचिरा चहा पीत उभी होती, आणि तिच्या हातातलं बिस्किट कुणीतरी अलगद काढून घेतलं.

खाली बघते तर लाल स्वेटर घातलेली एक कुत्री. लांब मान, हरणासारखे पाय, आणि चेहऱ्यावर असा भाव, की बिस्किट मुळात तिचंच होतं!

"बिजली! अगं, काय हे... सॉरी हं," पट्टा आवरत एक तरुण म्हणाला. "उपाशी नाही ती. आमच्या सूर्यमाळला सगळे मलाच बोल लावतात, मास्तर कुत्रीला जेवू घालत नाहीत म्हणून. पण ही जातच सडपातळ. व्हिपेट. शर्यतीत पळणारी."

"माहितेय," रुचिरा हसली. "कुत्रीचं माहितेय. मास्तरांचं नाही."

"चैतन्य. आश्रमशाळेत गणित शिकवतो." तो हसला की गालाला खळी पडायची, आणि रुचिराची नजर तिथून हलायला तयार नव्हती. "मित्र परदेशी गेला, म्हणून ही माझ्याकडे आली. आज श्वान प्रदर्शनात उतरवतोय—पहिल्यांदाच."

झालं! रुचिराला ठसकाच लागला. त्या प्रदर्शनात व्हिपेट तपासणारी परीक्षक तीच होती. गावात प्राण्यांचा दवाखाना थाटून तिला वर्ष झालं होतं, पण परीक्षक म्हणून आजचा पहिलाच दिवस. आणि निकालाआधी परीक्षकाने मालकाशी गप्पा मारायच्या नसतात. तिने अर्धा चहा तसाच ठेवला, "येते" एवढंच म्हणाली आणि चालू पडली. मागे वळून बघायचं तिने मोठ्या कष्टाने टाळलं.

जव्हारच्या शाळेच्या मैदानावर, प्रदर्शनाच्या रिंगणात, परीक्षकाचा बिल्ला लावलेली रुचिरा दिसली तेव्हा कुठे चैतन्यला सकाळचा उलगडा झाला. त्याचे कान लाल झाले.

"वय?" तिने नियमाप्रमाणे विचारलं.

"अठ्ठावीस."

"कुत्रीचं."

"...तीन."

बाहेर हशा पिकला. रुचिराने ओठ दाबून धरले आणि स्वेटर काढून टेबलावर उभ्या केलेल्या बिजलीच्या अंगावरून हात फिरवला. खांदे सुरेख, पाठीची कमान सुरेख, डोळे तर विचारू नका. पण बरगड्या? व्हिपेटच्या बरगड्या हाताला अलगद लागायला हव्यात. इथे बोटं नुसती चरबीत रुतत होती. पळवून बघितलं, तर बिजली अर्ध्यातच धापा टाकत बसली.

रिंगणात चारच कुत्री होती. चैतन्य तिच्याकडे आशेने बघत होता, आणि त्यातली बिजलीसाठीची आशा किती नि दुसरी किती, देव जाणे. तिसरा नंबर दिला असता तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. पण मग यापुढे कुणाच्या कुत्र्याला हात लावायचा तो कोणत्या तोंडाने? आणि हा माणूस रुसून सूर्यमाळला गेला, तर पुन्हा कशाला दिसतोय... तरी तिने बिजलीला शेवटच्या, चौथ्या नंबरावर उभं केलं.

"बाय, हा काय न्याय?" कडेने एक म्हातारी कडाडली. सूर्यमाळच्या आश्रमशाळेशेजारच्या पाड्यावरची सकूआजी, बिजलीसाठी खास जीपने आली होती. "आमची बिजली सगल्यांत गुबगुबीत! बाकीची बघ, नुसती हाडकां! रोज नागलीची भाकर घालतंय मी तिला, मास्तर शाळंत गेला का."

"काय?" चैतन्य उडालाच.

"मंग? शेजारची माघी पन घालते, समदा पाडा घालतो. मुकं जनावर उपाशी मारायचं का?"

निकालानंतर तो जवळ आला. रुचिराने मन घट्ट केलं.

"आता बोलायला परवानगी आहे?"

"आहे. राग आला असेल ना?"

"आलाय. चहा अर्धा टाकून गेलात त्याचा." तो हसला. "बाकी चुकलेल्या गणिताला मीही मार्क देत नाही."

रुचिराच्या मनावरचं ओझंच उतरलं. "दर रविवारी हिला दवाखान्यात आणायचं," ती डॉक्टरी आवाजात म्हणाली. "वजन करायला."

"दर रविवारी?"

"फार होतंय?"

"कमी होतंय."

मग ते रविवार सुरू झाले. बिजली काट्यावर एकटी थांबायची नाही. म्हणून चैतन्यने तिला उचलून काट्यावर चढायचं, मग एकट्याने चढायचं, आणि रुचिराने वजाबाकी करायची. उन्हाळा येईतो बिजली सडसडीत झाली.

"कुत्रीचं उतरलं," रुचिरा आकडा बघत म्हणाली. "मास्तरांचं मात्र वाढलंय!"

"सकूआजीची भाकरी आता मला खावी लागते. नको म्हटलं की ती रडते."

रुचिरा खळखळून हसली. तो तिच्याकडे बघत राहिला आणि काट्यावरून उतरायचंच विसरला. बाकीचे वार असतात तरी कशाला, असं तिला हल्ली वाटायचं. प्रेमात पडली होती ती, दुसरं काय!

दिवाळीनंतर पुढच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. व्हिपेट पुन्हा तिनेच तपासावेत, असा आयोजकांचा आग्रह. रुचिराने नकार कळवला.

चैतन्यचा चेहरा पडला. "बिजली आता कुठे तयार झाली, आणि तुम्हीच नाही? आपली ओळख झाली म्हणून? मग मी... रविवारी यायचं बंद करू?"

"करून तर बघा!" ती फणकारली. मग बिजलीचे कान कुरवाळत, खाली मान घालून म्हणाली, "ओळखीचं नाही हो काही. पण घरच्या कुत्रीला घरच्याच माणसाने नंबर द्यायचा नसतो... नियमच आहे तसा."

गणिताचा मास्तर खरा, पण हे गणित सुटायला त्याला जरा वेळ लागला.

"घरच्या?" त्याने हळूच विचारलं.

"बिजली अजून घरची झाली नाही," रुचिरा म्हणाली. "माझे बाबा दुकान बंद करून येतीलच एवढ्यात, त्यांना विचारायला हवं. आज सूर्यमाळची गाडी चुकली, तर चालेल ना?"