कुंकू लावलेली डिस्क

"शुभदाताई, आहात तशा खाली या. ऑफिसचा कॉम्प्युटर चालू होत नाहीये आणि पोलीस निघालेत!"

शुभदाने चहा तसाच ठेवला. फोनवर सोसायटीचा सेक्रेटरी राजवर्धन होता. रोज सकाळी ग्रुपवर सुविचार टाकून जगाचं टेन्शन घालवणारा हा माणूस, आज त्याच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. शुभदा नेरूळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर हार्डवेअर शिकवायची. त्यामुळे कोपरखैरण्याच्या या सोसायटीत कुणाचा प्रिंटर रुसला तरी बोलावणं तिलाच यायचं.

ऑफिसात सगळे गंभीर चेहरे करून उभे होते. नवरात्रातल्या देवीचा चांदीचा मुकुट कपाटातून नाहीसा झाला होता. परवा दसऱ्याला, विसर्जनाआधी, तो काढून तिथे ठेवला होता. आज पॉलिशला सोनाराकडे द्यायचा म्हणून कपाट उघडलं, तर जागा रिकामी. कुलूप शाबूत होतं. एक किल्ली कमिटीची, एक वॉचमन सितारामची. संशय कुणावर जाणार ते उघडच होतं.

सिताराम टोपी हातात घेऊन कोपऱ्यात उभा होता. तो शुभदाच्या आईच्या गावाकडचा, माणगावचा.

"बाय, मी नाय घेतला," तो एवढंच म्हणाला.

जिन्याखालची खोली आजच रिकामी कर, असं कमिटीने त्याला सांगून टाकलं होतं. त्याला वाचवू शकेल असं एकच होतं, ऑफिसातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. ते या कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि पडद्यावर काळ्या पाटीवर एकच ओळ होती: चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"कधीपासून असं आहे?"

"आज सकाळी पाहिलं," राजवर्धन म्हणाला. "परवा नवी डिस्क, एसएसडी, टाकली, तेव्हापासून एकदाही बंद केला नव्हता."

"मॅडम, मी विंडोज टाकून, कॅमेरे जोडून, रेकॉर्डिंग दाखवून गेलोय," दुरुस्तीवाला शिवतेज उसळून म्हणाला. "आता सगळं माझ्याच नावावर फाडणार का?"

"डिस्कच फॉल्टी निघाली असेल हो," खुर्चीत बसलेले अध्यक्ष उदयसिंह म्हणाले. तुर्भ्यात त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता आणि सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. "माझ्या ऑफिससाठी घेतल्या, त्यातलीच एक गावी जायच्या आधी देऊन गेलो होतो. पोरावर कशाला चिडायचं?"

शुभदा कामाला लागली. सेटिंगच्या पडद्यावर डिस्कचं नाव दिसत होतं, म्हणजे ती मेलेली नव्हती. कॉम्प्युटरने कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, तो क्रमही बरोबर होता. केबल बदलून पाहिली, तरी तीच ओळ. मग तिने स्वतःच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला आणि डिस्कच्या आत डोकावली.

आत काहीच नव्हतं. विंडोज नाही, रेकॉर्डिंग नाही.

"कुणी पुसलं का?" राजवर्धनने विचारलं.

"थांबा. आपण किती चाललो याची नोंद डिस्क स्वतःच ठेवते." शुभदाने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. "ही तर तासभरही चाललेली नाही. परवापासून अखंड चालू असलेली डिस्क ही नव्हेच."

शुभदाने कॅबिनेट उघडून डिस्क बाहेर काढली. तिच्या मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा होता.

"बघा! तीच आहे," उदयसिंह म्हणाले. "दसऱ्याला पूजा झालीय तिची. तुमच्या त्या आकड्यात काहीतरी घोळ असेल."

शुभदा पूजेला नव्हती. दसऱ्याला ती धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला विहारात गेली होती. इथे नेमकं काय झालं हे विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिने राजवर्धनच्या आईला, रंगूबाईंना बोलावून घेतलं.

"काकू, पूजा तुम्हीच केलीत ना?"

"म्याच. कॉम्प्युटर, पाण्याचा पंप, गाड्या, समद्यास्नी हळदकुंकू वाहिलं."

"आणि या नव्या डिस्कला?"

"तिला कुठलं? खोक्यालाच लावलं की! हा शिवतेज म्हनला, आजी, खोकं फोडू नगा, मी बसवताना फोडतो."

"तेव्हा कोण कोण होतं?"

"कमिटीतली झाडून सगळी. शिवतेज, सिताराम. उदयसिंह तेवढा सोनं वाटायला गावी गेलता."

शिवतेजने कपाटावरचं रिकामं खोकं काढलं. झाकणावर हळदीचं पिवळं बोट आणि त्याशेजारी कुंकवाचं लाल.

शुभदा उदयसिंहांकडे वळली.

"पूजेला जे हजर होते, त्यांना ठाऊक होतं की कुंकू खोक्याला लागलंय. त्यांच्यापैकी कुणी डिस्क बदलली असती, तर कोरीच ठेवली असती. टिळा लावला तो पूजा न पाहिलेल्याने. नुसतं ऐकलं की डिस्कची पूजा झाली, म्हणून खबरदारी घेतली. ती जास्तच झाली. राजवर्धन, तुम्ही कुणाला सांगितलं होतंत?"

राजवर्धनचा चेहरा उतरला. "दसऱ्याच्या रात्री उदयसिंहदादांना फोन केला होता. विसर्जन नीट झालं, डिस्कचीसुद्धा पूजा केली, मुकुट पॉलिशला देतोय, सगळं सांगितलं."

"अशीच कोरी डिस्क यांच्या ऑफिसात होती आणि कमिटीची किल्ली यांच्याजवळ. काल गावाहून आल्यावर मुकुट नेला, आणि तो नेताना जिच्यात चित्र उतरलं ती डिस्कही नेली. नुसती काढली असती तर बोभाटा झाला असता. बदलली, म्हणजे खापर डिस्कवर, नाहीतर शिवतेजच्या कामावर. एकच कळत नाही, दादा. तुम्हाला मुकुट कशाला हवा होता?"

उदयसिंहांनी खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"चांदीचा नाहीये तो," ते म्हणाले. "पितळेवर मुलामा आहे. आबांनी, माझ्या वडिलांनी, मला घडवून आणायला सांगितला आणि मी कंजूषपणा केला. आबा अजून सगळ्यांना सांगतात, 'या बाबासोने देवीला चांदी वाहिली' म्हणून. सोनाराने एका नजरेत ओळखलं असतं. खरा करून गुपचूप ठेवणार होतो. मुकुट, डिस्क, दोन्ही गाडीत आहे."

"आणि सिताराम?"

शुभदाला भयंकर राग आला. एवढा वेळ हा माणूस खुर्चीत बसून शिवतेजची कड घेत होता आणि सितारामबद्दल अवाक्षर काढत नव्हता.

"मॅडम, आबांना यातलं काही कळू देऊ नका. ऐंशीच्या पुढचे आहेत."

"मी नाही सांगणार. पण मुकुट कुणी नेला, ते तुम्ही आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांदेखत सांगायचं."

"लोक कारण विचारतील."

"विचारतील."

गेटवर पोलिसांची गाडी लागली होती आणि भोवती अर्धी सोसायटी जमली होती. गर्दीत काठी टेकत आबा, म्हणजे बाबासोही, येऊन उभे राहिले होते. त्यांना पाहून उदयसिंह थांबले. मग ते पुढे झाले आणि मागोमाग आलेल्या सितारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुकुट मी नेला. या माणसाने काही केलेलं नाही."

"तू? आन् कशापायी रं?" बाबासोंनी विचारलं.

उदयसिंह वडिलांसमोर मान खाली घालून सांगू लागले. सिताराम मात्र ऐकायला थांबला नाही. तो जिन्याखालच्या खोलीकडे धावला आणि दारातूनच बायकोला ओरडून म्हणाला, "जाई, सामान बांदू नको! आपून जात नाय!"