चुकवलेला आकडा

पहिल्यांदा तो खाली आला तो भांडायलाच. "सर्व्हरचं दार सारखं कोण वाजवतंय?" असं दारातूनच विचारलं त्यानं. तो सर्व्हर सांभाळणारा; वरच्या सर्व्हर रूमच्या थंडीतून थेट आमच्या उकाड्यात आल्यामुळे चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे भांडायचं कुणाशी हेच त्याला दिसेना. मी हात वर केला. तोही त्याला दिसला नाही.

आमचं ॲप औषधांच्या दुकानांसाठी. दुकानदारानं अर्धवट नाव लिहिलं तरी औषध सापडायला हवं, म्हणून ॲप त्याच्या सर्व्हरवरच्या सर्च इंजिनला जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. या दोघांची बोलणी करून देणारा तयार कोड मिळतो, त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. माझी लायब्ररी नवी, त्याचं इंजिन जुनं. इंजिन नकार द्यायचं आणि लायब्ररी, माझ्यासारखीच चिवट, पुन्हा पुन्हा विचारत राहायची.

मग तो रोज यायला लागला. शेजारची खुर्ची ओढायचा, शर्टाच्या टोकानं चष्मा पुसायचा... आणि मला उगीचच केस नीट करावेसे वाटायचे. आम्ही लायब्ररीची जुनी आवृत्ती घालून पाहिली. चूक माझी असली तरी तो 'आपली चूक' म्हणायचा. घरी ताईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "ते इंजिन जोडलं जावं असं वाटतंय का तुला नक्की?"

नको ते विचारलं तिनं. कारण दुसऱ्याच दिवशी, तो यायच्या आधी, जोडणी झाली. औषधं भराभर सापडायला लागली. मी आनंदानं उठले — आणि परत बसले. आता तो खाली कशाला येईल? मी सर्व्हरच्या पत्त्यातला पोर्टचा, म्हणजे कुठल्या दारानं आत जायचं त्याचा, आकडा मुद्दाम चुकवला. पडद्यावर लाल अक्षरं परत आली, आणि तोही आला.

असे काही दिवस गेले. मग मॅनेजरनी सांगितलं, आज जमलं नाही तर काम दुसऱ्या टीमला. जोडलं तरी तो जाणार, नाही जोडलं तरी जाणार. मग निदान खोटं बोलून तरी नको. तो येऊन बसल्यावर जरा वेळानं मी सांगून टाकलं.

"जोडणी कधीच झालीय. आकडा मीच चुकवला."

"माहितीये."

"कसं?"

"तू तुझ्या मशीनवर बदललास. पण तुझ्या कोडच्या चाचण्या दुसऱ्या मशीनवर दर तासाला आपोआप चालतात, त्यांच्यात बरोबरच आकडा राहिलाय. त्या जोडल्या जातात ते वर दिसतं मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लक्षात आलं... "म्हणजे तू — मग रोज कशाला येत होतास?"

चष्मा कोरडा होता, तरी तो पुसत बसला. "तू बोलवत होतीस ना. आता उद्यापासून यायला कारण शोधावं लागेल."

"शोधू नकोस," मी म्हणाले. "मला आवडतोस तू. नुसता ये."

मी आकडा दुरुस्त केला आणि मॅनेजरना हाक मारली. काम संपलं होतं. तो काही खुर्चीवरून उठला नाही.